आणखी एका सामायिकाची वेळ

दुपारचे दोन वाजलेले असतात. दुकानात डबा पोहोचलेला असतो. सासूबाई जेवून आपल्या खोलीत आडव्या झालेल्या असतात. मुलगा बंगळुरूला नोकरीत, मुलगी लग्न होऊन सुरतेला. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी व्हावयाचे असले तरी त्याची तयारी साडेचारच्या आत सुरू करण्याचे कारण नसते. मुलांच्या शाळा-परीक्षा, सासऱ्यांचे आजारपण, नणंदेचे बाळंतपण, दिवाळीचा फराळ आणि पाहुण्यांच्या पंगती यांत जिची पंचवीस वर्षे कशी सरली ते तिलाच कळले नाही, त्या गृहिणीपुढे आता रोज अडीच तासांचा मोकळा वेळ येऊन उभा राहतो. नवल असे की तो तिला सुखावत नाही. तो तिला बोचतो.

बाजारपेठेच्या कोणत्याही गावी, व्यापारी कुटुंबाच्या कोणत्याही घरात हे चित्र दिसू शकते. त्याविषयी घरात सहसा कोणी बोलत नाही, कारण बोलून दाखवावे असे दुःख त्यात दिसत नाही. घर स्वतःचे आहे, धंदा बरा चालला आहे, मुले मार्गी लागली आहेत. मग उणीव कसली? हा प्रश्न ती गृहिणी स्वतःलाच विचारते आणि उत्तर न मिळाल्याने स्वतःलाच दोष देते. वस्तुतः दोष तिचा नसतो. आयुष्याच्या एका टप्प्याचे काम पूर्ण झालेले असते आणि दुसऱ्या टप्प्याचे काम तिला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

खाली पेढी, वर घर

या पोकळीची काही कारणे काळाने निर्माण केली आहेत. जुन्या पेठांतून खाली पेढी आणि वर घर अशी रचना असे. वहीत घरच्या स्त्रीचे नाव नसे, गादीवर ती बसत नसे. परंतु धंदा तिच्या कानाखालून जात असे. भाव चढला की उतरला, कोणाची उधारी थकली, कोणत्या गावचा व्यापारी जेवायला थांबणार आहे, हे तिला जिन्यावरूनच समजे. माल निवडणे, पुड्या बांधणे, चिल्लर मोजणे यांत तिचा हात असे. पुढे बाजार समितीची आवारे गावाबाहेर गेली, दुकानांची मोठी दालने झाली आणि कुटुंब सोसायटीतील सदनिकेत राहावयास आले. सोय वाढली, स्वच्छता वाढली. परंतु जी स्त्री व्यवहाराच्या उंबरठ्याशी होती, ती व्यवहारापासून पार दूर गेली. तिच्याकडे घर राहिले. मुले मोठी होऊन बाहेर पडली तेव्हा त्या घरातील कामही अर्ध्यावर आले.

दुसरे कारण शरीराचे आहे. भारतीय स्त्रियांची मासिक पाळी साधारणतः पंचेचाळीस ते पन्नास या वयाच्या सुमारास थांबते. त्याच्या आधीची आणि नंतरची काही वर्षे शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलत असते. मध्यरात्री घामाने जाग येणे, झोप मोडणे, छातीत धडधडणे, विसरायला होणे, क्षुल्लक कारणावरून डोळ्यांत पाणी येणे ही त्याची लक्षणे होत. घरात त्याला ‘चिडचिड’ असे एकच नाव दिले जाते. याच वयानंतर हाडांची झीज वेगाने होऊ लागते. शुद्ध शाकाहारी आहारात ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता सहज राहून जाते आणि दिवसभर घरात राहणाऱ्या स्त्रीला सूर्यप्रकाशातून मिळणारे ‘ड’ जीवनसत्त्वही पुरेसे मिळत नाही. तेव्हा या वयात रक्ताची साधी तपासणी, आहारात दूध, तीळ व नाचणी, आणि सकाळच्या उन्हात चालणे यांना पर्याय नाही. अठाई किंवा वर्षीतप यांचा संकल्प करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे ही श्रद्धेची उणीव नव्हे. ज्या देहाच्या आधारे धर्म साधावयाचा, त्याची काळजी घेणे हा धर्माचाच भाग आहे.

दोन घटिकांचा दाखला

मग या वयात नव्याने काही सुरू करावयाचे तर कसे? पहिली अडचण पैशाची नसते, वयाचीही नसते. ती वेळेच्या मालकीची असते. व्यापारी घरातील स्त्रीचा वेळ हा सर्वांचा असतो. ती पुस्तक घेऊन बसली की कोणी तरी चहा मागतो. ती काही लिहू लागली की कुलपाची किल्ली कुठे आहे असे विचारले जाते. तिचे बसणे हे रिकामे बसणे समजले जाते.

परंतु याच घरात, याच स्त्रीच्या दिनक्रमात एक अपवाद आहे. ती कटासणे अंथरून सामायिकास बसते तेव्हा तिला कोणी हाक मारीत नाही. दारावरची घंटा वाजली तर दुसरे कोणी उठते. नातवंडही कुजबुजत सांगते, ‘दादी सामायिकात आहे.’ दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, ती कोणाची पत्नी, सून वा आई नसते. ती केवळ एक आत्मा असते, समभावात बसलेली. हा अधिकार तिला कोणत्या कायद्याने दिलेला नाही. परंपरेने दिला आणि घराने तो निमूटपणे मान्य केला.

मध्यम वयातील स्त्रीच्या नवजीवनाचे सूत्र या ४८ मिनिटांत सापडते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि मध्ये न उठण्याचा नियम या तीन गोष्टी जिने वर्षानुवर्षे पाळल्या आहेत, तिला शिस्त नव्याने शिकावी लागत नाही. तिने फक्त दिवसातून तशीच आणखी एक ४८ मिनिटांची बैठक मागून घ्यावयाची आहे. अर्थात सामायिक ते सामायिकच. हिशेबाच्या किंवा इंग्रजीच्या अभ्यासाला ते नाव देणे उचित नव्हे. शास्त्राचा स्वाध्याय सामायिकात होऊ शकतो, इतर अभ्यास त्याबाहेर व्हावा. परंतु सामायिकाला घर जो मान देते, तोच मान तिच्या दुसऱ्या बैठकीला मिळाला, तर दुपारचे ते बोचणारे दोन तास तिचे स्वतःचे होतील.

परंपरेतील पाऊलखुणा

हे काही तरी नवे, बाहेरून आलेले आहे, असे कोणास वाटेल. तसे ते नाही. भगवान महावीरांनी स्थापिलेल्या चतुर्विध संघात साध्वी आणि श्राविका हे दोन स्वतंत्र आधारस्तंभ आहेत. कल्पसूत्रातील परंपरेनुसार त्या संघात १४ हजार साधू होते, तर चंदनबालेच्या नेतृत्वाखाली ३६ हजार साध्वी होत्या. श्रावक १ लाख ५९ हजार, तर श्राविका ३ लाख १८ हजार होत्या. म्हणजे संघाचा मोठा भाग स्त्रियांचाच होता. त्याहूनही मागे गेल्यास भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांपैकी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, असे परंपरा सांगते. ज्या समाजाचा चरितार्थ अंकांवर चालतो, त्या समाजाने हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे की परंपरेने गणिताचा पहिला धडा एका मुलीला दिलेला आहे.

इतिहासातही अशी उदाहरणे आहेत. दहाव्या शतकातील अत्तिमब्बे हिचा पती नागदेव हा सेनानी युद्धात मरण पावला. मागे राहिलेल्या या स्त्रीने आपले आयुष्य ग्रंथ आणि मंदिरे यांना वाहून घेतले. कन्नड महाकवी रन्न याने ९९३ साली रचिलेले ‘अजितपुराण’ तिच्या आश्रयाने सिद्ध झाले. पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार ताडपत्री प्रती करवून तिने त्या वाटल्या. छापखाना नसलेल्या काळात एक हजार प्रती म्हणजे किती लेखकांची किती महिन्यांची रोजी, किती ताडपत्रे, किती देखरेख, याचा हिशेब एखाद्या व्यापाऱ्यानेच करून पाहावा. गदग जिल्ह्यातील लक्कुंडी येथील, इसवी सन १००७ च्या सुमाराचे ब्रह्मजिनालय तिच्याच दानाची साक्ष देते. लोकांनी तिला ‘दानचिंतामणी’ म्हटले.

अहमदाबादचे हठीसिंह मंदिर बहुतेक वाचकांनी पाहिलेले असेल. पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ यांचे हे मंदिर बांधण्यास आरंभ करणारे शेठ हठीसिंह १८४५ साली निवर्तले. काम अर्धवट होते. पती गेला, मंदिर अपुरे, पेढीचा पसारा मोठा. अशा वेळी त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी काम हाती घेतले आणि १८४८ साली मंदिर पूर्णत्वास नेले. आज त्या प्रांगणातून फिरताना दगडावरील नक्षी सर्वांना दिसते; त्यामागील तीन वर्षांचा कारागिरांचा रोजमेळ, दगडांची आवक आणि पैशाची तजवीज दिसत नाही. ती एका स्त्रीने सांभाळली होती.

महाराष्ट्रातील उदाहरण द्यावयाचे तर रमाबाई रानडे यांचे द्यावे लागेल. १८६२ साली जन्मलेल्या रमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना शिकविले. १९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले तेव्हा रमाबाई एकोणचाळीस वर्षांच्या होत होत्या. त्यानंतरचा काही काळ त्यांनी जवळजवळ एकांतात काढला. त्या काळच्या रीतीनुसार त्यांचे आयुष्य तेथेच संपले, असे मानण्यास कोणाची हरकत नव्हती. परंतु त्या हळूहळू बाहेर आल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य उभे राहिले तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. तेथे शिक्षणापासून वंचित राहिलेल्या प्रौढ स्त्रिया अक्षरे गिरवू लागल्या, शिक्षिका आणि परिचारिका तयार होऊ लागल्या. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली निघाले. १९२४ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्या काम करीत होत्या. ज्या कार्यासाठी महाराष्ट्र त्यांना ओळखतो, त्यातील बहुतेक सर्व कार्य चाळिशीनंतरचे आहे. याच सुमारास जैन समाजात शेठ माणिकचंद हिराचंद यांची विधवा कन्या मगनबाई हिने मुंबईच्या श्राविकाश्रमाच्या द्वारे निराधार व अशिक्षित श्राविकांच्या शिक्षणाचे काम चालविले. पुढे सोलापुरात पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेच्या रूपाने तोच वारसा वाढविला.

या सर्व स्त्रिया असामान्य होत्या, सामान्य गृहिणीने त्यांच्याशी स्वतःची तुलना कशी करावी, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. तुलना कर्तृत्वाची नाही. त्यांच्या आयुष्यातून घ्यावयाचा मुद्दा एकच: एका कामाची समाप्ती म्हणजे आयुष्याची समाप्ती नव्हे, आणि दुसरे काम दाराशी चालून येत नाही, ते हाती घ्यावे लागते.

एकटीने नव्हे, मिळून

हाती घेतलेले काम टिकते ते सोबतीमुळे. गिरगावातील सात गुजराती गृहिणींनी १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभा राहिला. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पापड घरोघरी लाटले जातच होते. नवी गोष्ट ही की सात जणी एकत्र बसल्या, कामाचे माप ठरले, दर्जा ठरला, आणि प्रत्येक लाटणारी बहीण ही मजूर न राहता भागीदार झाली.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे एक गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडे नेसून, दप्तर घेऊन, घरची व शेताची कामे उरकल्यावर दुपारी शाळेत जाऊ लागल्या. अंगठ्याच्या जागी सही आली. या शाळेची बातमी देशभर गेली ती कौतुकापोटी. पण तिच्यातील खरी शहाणपणाची बाब वेळेची निवड ही होती. दुपारची वेळ, जी प्रत्येक घरातील स्त्रीला सापडते आणि जिचे काय करावे ते तिला समजत नाही, तीच वेळ शाळेसाठी निवडली गेली.

महिला मंडळे तर प्रत्येक गावी आहेत. स्तवने होतात, आरास होते, भिशी होते, सहली निघतात. यात वावगे काहीच नाही. जिवाला विसावा हवाच. परंतु वर्षानुवर्षे शेजारी बसून स्तवने म्हणणाऱ्या दोघींना एकमेकींच्या मनातील खंत ठाऊक नसते, असेही होते. मंडळात साडी दिसते, दागिना दिसतो, सुनेचे कौतुक ऐकू येते. रात्री झोप लागत नाही हे कोणी सांगत नाही. एकीने धीर करून ते सांगितले तर दुसरी हमखास म्हणेल, ‘भाभी, मला वाटले फक्त माझेच असे होते!’ या एका वाक्याने जे हलके होते, ते औषधानेही होत नाही. म्हणून महिन्यातील एक बैठक तरी अशी असावी, जिच्यात आरास नसेल, पाककृतींची स्पर्धा नसेल, केवळ पाच-सात जणींचे एकत्र बसणे, एखादे पुस्तक वाचणे आणि मोकळेपणाने बोलणे असेल. पाच-सातच, कारण पन्नास जणींत भाषण होते, बोलणे होत नाही.

शिकावे काय?

शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातील पहिली गोष्ट अगदी घरातील आहे. प्रतिक्रमणाची सूत्रे अनेकींना लहानपणापासून मुखोद्गत असतात. एकही अक्षर न चुकता त्या ती म्हणतात. परंतु त्या शब्दांचा अर्थ काय, असे विचारले तर बहुतेकींना थांबावे लागते. चाळीस वर्षे जे ओठांवर आहे ते पन्नासाव्या वर्षी मनात उतरविणे, यापेक्षा मोठा स्वाध्याय कोणता? मराठी भाषकांना हे तर विशेष सोपे आहे. महाराष्ट्री प्राकृत ही मराठीची पूर्वज मानली जाते आणि जैनांचे विपुल साहित्य तिच्याच एका रूपात, जैन महाराष्ट्रीत, लिहिलेले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा दिला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. लाडनूच्या जैन विश्वभारती संस्थेसारख्या ठिकाणी जैनविद्येचा अभ्यास घरी राहूनही करता येतो.

लग्नामुळे ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले, त्यांच्यासाठीही दारे उघडी आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी-बारावी करण्यास वयाची कमाल मर्यादा नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घर सांभाळून पदवी घेता येते. ती पदवी नोकरीसाठी उपयोगी पडेलच असे नाही. परंतु पन्नाशीची आई रात्री पुस्तक उघडून बसली आहे आणि मुलगा तिला फोनवरून एखादे समीकरण समजावून देत आहे, या दृश्याने आई-मुलाचे नाते जेवढे नवे होते, तेवढे ‘जेवलास का?’ या रोजच्या प्रश्नाने होत नाही.

घराच्या वहीतील आपले पान

तिसरा विषय व्यवहाराचा आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. समजा, दुपारी दोन वाजता एकटी बसणाऱ्या त्या गृहिणीच्या पतीला एके रात्री छातीत दुखू लागले. रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे आरोग्यविम्याचा क्रमांक विचारला जातो. तो तिला ठाऊक नाही. मोबाईलचे कुलूप कसे उघडते ते ठाऊक नाही. कपाटात कागद आहेत, पण कोणता कशाचा हे कळत नाही. तीस वर्षे ज्या घराची ती मालकीण म्हणविली गेली, त्या घरात त्या रात्री ती परकी ठरते. पती सुखरूप घरी आला तरी त्या रात्रीची लाज तिच्या मनातून जात नाही. ही वेळ येऊ न देणे हे पतीचेही कर्तव्य आहे.

त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. एक साधी वही करावी. बँकेची खाती कोणती आणि ती एकाच्या नावाची की संयुक्त, ठेवींच्या मुदती, विमा, लॉकर, घराची कागदपत्रे, येणे आणि देणे हे सर्व एका वहीत पती-पत्नींनी मिळून लिहावे आणि दर दिवाळीला, वहीपूजनाच्या आसपास, ते पुन्हा तपासावे. प्रत्येक ठिकाणी नामनिर्देशन आहे की नाही ते पाहावे. येथे एक गैरसमज दूर व्हावयास हवा: बँकेत ज्याच्या नावे नामनिर्देशन असते तो पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो; मालकी वारसांची असते. म्हणून नामनिर्देशन असले तरी इच्छापत्राचे महत्त्व कमी होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ हा जैनांनाही लागू आहे आणि त्याच्या कलम १४ प्रमाणे स्त्रीच्या ताब्यातील तिच्या मालमत्तेवर सामान्यतः तिची पूर्ण मालकी असते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित एकत्र संपत्तीत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला. हे ठाऊक असणे म्हणजे भांडणाची तयारी नव्हे. ज्या घरात हिशेब उघडा असतो, त्या घरात भांडणाचे कारणच कमी उरते.

बँकेच्या व्यवहारातील एक नियम या संदर्भात आठवतो. बचत खात्यात दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय समजले जाते. दहा वर्षे उलटली तर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. परंतु तेव्हाही खातेदाराचा हक्क नष्ट होत नाही. तो आपली ओळख पटवून बँकेकडे मागणी करू शकतो आणि आपली रक्कम परत मिळवू शकतो. कित्येक स्त्रियांच्या अंगचे गुणही असेच पडून राहिलेले असतात. लग्नापूर्वी जी सुरेख चित्रे काढीत होती, जिचे गणित पक्के होते, जी पाठशाळेत लहान मुलांना गोष्टी सांगत असे, तिचे ते खाते बंद झालेले नाही. त्यात केवळ बराच काळ व्यवहार झालेला नाही.

तपाचे सहा आणि सहा

येथे समाजाच्या विचारार्थ एक गोष्ट मांडणे आवश्यक आहे. जैन दर्शनात तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत: सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. अनशन, ऊनोदरी इत्यादी बाह्य तपे होत. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, ध्यान आणि कायोत्सर्ग ही आभ्यंतर तपे होत. बाह्य तपात समाजातील स्त्रिया पुरुषांच्या कितीतरी पुढे आहेत, हे चातुर्मासातील कोणतीही यादी पाहिली तरी समजते. अठाई झाली की तपस्विनीची शोभायात्रा निघते, बहुमान होतो, नावाचे फलक लागतात. वर्षीतपाचे पारणे अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने होते, तेव्हा सारे गाव लोटते. हे योग्यच आहे. त्या तपामागील मनोबल सामान्य नसते.

परंतु एखाद्या श्राविकेने दोन वर्षे बसून प्रतिक्रमणाच्या सूत्रांचा अर्थ आत्मसात केला, तर तिच्या स्वाध्यायाचा फलक कोठे लागतो? अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची आठ वर्षे सेवा करणारी सून हे वैयावृत्त्याचे तपच करीत असते. तिचा बहुमान कोणत्या व्यासपीठावर होतो? जे तप अन्नाचा त्याग करते ते समाजाला दिसते; जे तप स्वतःला घडविते ते दिसत नाही. संघाने पर्युषणातील बहुमानाच्या यादीत एक ओळ स्वाध्यायाची आणि एक ओळ वैयावृत्त्याची वाढविली, तर खर्च काहीच येणार नाही. परिणाम मात्र दूरवर जाईल. पन्नाशीच्या स्त्रीला कळेल की उपाशी राहण्याइतकेच शिकणेही मान्य आहे.

घराने काय करावे?

घराकडून अपेक्षा मोठ्या नाहीत. तिची ४८ मिनिटे ठरवून द्यावीत आणि ती पाळावीत. त्या वेळेत चहा स्वतः करून घ्यावा. तिच्या नावावर एक स्वतंत्र खाते असावे आणि त्यातील खर्चाचा जाब विचारू नये. धंद्यातील महिन्याचा एक हिशेब तिच्यासमोर बसून वाचावा. पहिल्या महिन्यात ती गप्प राहील, सहाव्या महिन्यात प्रश्न विचारील, आणि तो प्रश्न बहुधा मुनिमाला न सुचलेला असेल. सासूने सुनेला वेळ दिला तर तोच पायंडा पुढच्या सुनेलाही उपयोगी पडेल. मुलांनी आईला केवळ ‘कशी आहेस?’ असे न विचारता ‘सध्या काय वाचते आहेस?’ असे विचारावे.

आणि गृहिणीने? तिने परवानगीची वाट पाहू नये. नम्रपणे, परंतु ठामपणे सांगावे. उद्या दुपारी दोन वाजता घर तसेच शांत असेल. डबा पोहोचलेला असेल, सासूबाई आडव्या झालेल्या असतील. तिने खिडकीजवळ बैठक घालावी, समोर वही आणि पुस्तक ठेवावे, शेजारच्या एका मैत्रिणीलाही बोलवावे. दोघींनी लोगस्स सूत्र मनातल्या मनात म्हणावे आणि मग त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ शोधावा. पहिल्या दिवशी एकच शब्द झाला तरी चालेल. तेवढ्यात फोन वाजला तर वाजू द्यावा. ४८ मिनिटांनी उचलता येईल.